पेण-रोहा दौरा आणि दुसऱ्या कार्डाचा निकाल

त्या वर्षी मे महिन्यात मुलांना घेऊन गाडीनं दक्षिणेत जायचं आमचं ठरलं होतं. म्हैसूर, उटी, मदुराई, जमलंच तर कन्याकुमारी. गाडी म्हणजे आमची छोटी, लाल, जुनी घेतलेली. प्रश्न गाडीचा नव्हता, पैशांचा होता. पैसे होते, पण ते वाटेत हातात कसे येणार हा प्रश्न होता. आता फोन पुढे केला की चहाचे पैसेही जातात, म्हणून तरुण वाचकांना हे सांगावं लागतं. नव्वदच्या दशकात ज्या शाखेत खातं, त्याच शाखेतून पैसे काढता यायचे. ठाण्यातलं खातं मदुराईत काहीच कामाचं नव्हतं. तीन आठवड्यांची रोकड कमरेला बांधून फिरायचं, नाहीतर क्रेडिट कार्ड.

माझ्या नवऱ्याकडे, अविनाशकडे, कार्ड होतं. तो पंप विकणाऱ्या कंपनीत होता, सतत फिरतीवर, आणि त्या कार्डावर त्याचा फार जीव. शंभर रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट मिळायचा आणि पॉइंट साठले की एका गुळगुळीत पुस्तिकेतून बक्षीस निवडायचं. त्याची नजर टोस्टरवर होती. आमच्याकडे पाव कोणी खात नव्हतं, तरीही.

एवढ्या लांबच्या प्रवासात एका कार्डावर विसंबायचं नाही, दुसरं हवं, यावर आमचं एकमत होतं. दुसरं कोणतं, यावर नव्हतं. अविनाशच्या बँकेनं त्याच्याच खात्यावर माझ्या नावाचं एक जोडकार्ड फुकट दिलं होतं. ते आलंही होतं. मी टेलिफोन खात्यात नोकरीला होते आणि आमच्या ऑफिसात दुसऱ्या एका बँकेची मुलगी येऊन गेली होती. तिच्या बँकेचं कार्ड माझ्या पगारावर, माझ्या स्वतःच्या खात्यावर मिळणार होतं. त्याला वर्षाची फी होती. अविनाशचं म्हणणं, फुकटचं असताना फी कशाला भरायची, आणि शिवाय पॉइंट दोन ठिकाणी विभागले जातील. त्यात चुकीचं काही नव्हतं. मला ते दुसरं कार्ड का हवं होतं ते मात्र मला नीट सांगता येत नव्हतं. मी म्हणायचे, असू दे की एक. तो म्हणायचा, कशाला पण. आम्ही कॉलेजपासूनचे, म्हणून अरे-तुरेत भांडायची सोय होती.

शेवटी त्यानंच तोडगा काढला. दक्षिणेच्या आधी दोन दिवसांची रंगीत तालीम करू. गणपतीची मूर्ती सांगायला पेणला जायचंच होतं, तिथून पुढे रोह्याला मुक्काम करू. त्याच्या कंपनीची माणसं धाटावच्या कारखान्यांत कामाला गेली की रोह्यात जिथं उतरत, त्या हॉटेलात कार्ड चालतं हे त्याला माहीत होतं. शक्य तिथं कार्ड वापरायचं आणि जोडकार्डावर भागतं की नाही ते बघायचं. मुलांना बहिणीकडे सोडलं आणि जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

पहिला थांबा पनवेलचा पेट्रोल पंप. वाटेत तीन पंप सोडून अविनाश तिथंच थांबला, कारण तिथं कार्ड घेतात. पंपावरच्या माणसानं कार्ड त्या लोखंडी यंत्रात ठेवलं, वर कार्बनची पावती, आणि दांडा खटकन इकडून तिकडे सरकवला. सही करताना अविनाशच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा भाव. मी पावती वाचली. कार्डानं पैसे दिले म्हणून पंपानं वर दोन-अडीच टक्के लावले होते. मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, पॉइंट मिळाले ना. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

कर्नाळ्याची झाडी संपली की हवा बदलते. तेव्हा हायवे दोन पदरी होता आणि समोरून येणाऱ्या ट्रकला बघून जीव मुठीत धरावा लागे. पेणला रामवाडीशी गावात वळलो. गल्लीगल्लीत मूर्तींचे कारखाने, आणि जानेवारी असल्यामुळे सगळे गणपती पांढरे. रंग नाही, डोळे नाहीत, ओळीनं मांडलेले, एकमेकांना पाठमोरे. गणपतीच्या आधी पंधरा दिवस पेणला जाणाऱ्यांना मी नेहमी सांगते, एकदा थंडीत जाऊन बघा. गर्दी नसते आणि माणसं बोलायला मोकळी असतात.

आम्ही ज्या कारखान्यात जायचो तो मालतीबाई चालवायच्या. नवरा गेल्यापासून त्याच बघत. यंदा दीड फुटाची, बसलेली, उजव्या हाताला मोदक, असं सगळं ठरलं. आगाऊ पैसे द्यायची वेळ आली तेव्हा अविनाशनं गमतीनं कार्ड पुढे केलं. मालतीबाईंनी हात पुसले, कार्ड घेतलं, पुढून मागून बघितलं आणि परत दिलं.

"यावर तुमचा फोटो पण नाय," त्या म्हणाल्या. "बँक ओळखते कशी तुम्हाला?"

अविनाश त्यांना नंबराचं समजावून सांगायला लागला. त्या ऐकत होत्या, पण माती मळायचा हात काही थांबला नाही. शेवटी आम्ही रोख दिले. मग बाजारात पातळ पोहे, पोह्याचे पापड, मिरगुंडं, आणि माझ्या आईसाठी एक पोतं म्हणावं इतके तांदूळ, सगळं रोखीनं. पाकिटातल्या नोटा भराभर कमी होत गेल्या. अविनाश निर्धास्त होता. हॉटेलचं कार्डावर, परतीचं पेट्रोल कार्डावर, मग रोख लागतेय कशाला? मलाही ते पटलं. तालीमच होती ना.

पेणमधून निघून वडखळच्या नाक्यावर बटाटेवडे खाल्ले आणि सरळ नागोठण्याकडे न जाता उजवीकडे अलिबागच्या रस्त्याला गाडी घेतली. मला धरमतरची खाडी बघायची होती. पुलावर थांबू नका, थोडं अलीकडेच गाडी बाजूला लावा. खाली मालाच्या मोठ्या होड्या, पडाव, धक्क्याला लागलेल्या, आणि दोन्ही बाजूंना मिठागरं. उथळ पाण्याचे चौकोन, त्यात आभाळ, आणि बांधावर मिठाचे नुकते घातलेले ढीग. दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधावरून येत होत्या. एकीनं दुसरीला विचारलं, "घरी नाय का जायचं गो?" दुसरी म्हणाली, "एवढा ढीग झाला का चालले. उद्या लेकाकडं जायचं हाय, उद्या नाय येणार." तिनं पाटी रिकामी केली, आमच्याकडे बघून हसली आणि परत वळली. आम्ही बराच वेळ तिथं उभे होतो. अविनाशनं कार्डाचा विषय काढला नाही, मीही नाही. त्या दिवसातला तो सगळ्यात छान वेळ.

परत वडखळ, मग कासू. रेल्वे रस्त्याच्या सोबतीनंच जाते, त्यामुळे डब्यातली माणसं हात करतात. नागोठण्याहून भिसे खिंडीचा रस्ता धरला. वळणं खूप, पण उन्हं कलताना तिथून जावंच. खिंड उतरली की रोहा जवळ आल्याचं आधी नाकाला कळायचं. औद्योगिक वसाहतीचा एक आंबूस वास वाऱ्यावर असायचा. गावात शिरलं की तो विसरायला होतो, कारण कुंडलिका नदी इतकी ऐटीत गावाजवळून वाहते.

हॉटेल साधं, स्वच्छ, दुमजली. दारावर दोन-तीन कार्डांची स्टिकरं. चालवणारे इब्राहिमभाई पन्नाशीचे, रोह्याजवळच्याच गावचे. बारा-पंधरा वर्षं कुवेतला काढून परत आलेले. त्यांनी अविनाशच्या कार्डाचा ठसा घेऊन ठेवला आणि म्हणाले की छोट्या रकमेला चालतं, पण हॉटेलच्या बिलाला मुंबईला फोन करून मंजुरी घ्यावी लागते, आणि दुपारपासून एसटीडी लाइन लागत नाहीये, उद्या जाताना बघू. मी टेलिफोन खात्यात आहे हे अविनाशनं सांगून टाकलं. इब्राहिमभाईंचे डोळे एकदम चमकले. त्यांच्या घरच्या फोनचा अर्ज कित्येक वर्षं पडून होता. मी त्यांना सांगितलं की माझं ऑफिस ठाण्याचं, रोह्याच्या अर्जावर माझा काडीचा अधिकार नाही. ते म्हणाले, नसू दे, निदान दुःख समजणारं माणूस तरी भेटलं.

संध्याकाळी हॉटेलमागच्या वाडीत पोपटी लावली होती. रायगडच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा, पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. इब्राहिमभाईंच्या बेगम स्वतः जाळावर लक्ष ठेवून होत्या. मडकं उघडलं तेव्हा आलेला वास मी आजही डोळे मिटून आणू शकते. जानेवारी-फेब्रुवारीत त्या बाजूला गेलात आणि कुणी पोपटीला बोलावलं, तर बाकीचे बेत रद्द करा. हात चाटत अविनाश म्हणाला की हे जेवण बिलात लागलं तर चांगले पॉइंट होतील. मी हसले. खरंच मजेत होतो आम्ही.

रविवारी सकाळी नदीकाठानं फिरून, धावीर महाराजांच्या देवळात जाऊन, गरम भजी खाऊन परत आलो. सामान गाडीत ठेवलं आणि अविनाश बिल द्यायला काउंटरवर गेला. इब्राहिमभाई फोनवर होते. लाइन लागली होती. त्यांनी कार्डाचा नंबर सांगितला, थांबले, पुन्हा एकदा सावकाश सांगितला. मग नुसतं "हां, हां" म्हणत राहिले आणि आमच्याकडे बघायचं थांबवलं. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

फोन ठेवून ते काउंटरच्या बाहेर आले. "साहेब, मला सांगायला बरं नाय वाटत," ते म्हणाले. "बँक बोलते, कार्ड बंद केलंय. घेऊन कापून टाका, असं बोलते."

अविनाशला वाटलं नंबर चुकला असेल. त्याच्या सांगण्यावरून इब्राहिमभाईंनी पुन्हा फोन लावला. तेच उत्तर. अविनाशनं स्वतः फोन घेतला, पलीकडच्या माणसाला सांगितलं की मी दर महिन्याला वेळेवर पैसे भरतो, माझी काहीही बाकी नाही. तो माणूस म्हणाला की त्याच्या समोर फक्त बंद एवढंच दिसतंय, बाकी सोमवारी चौकशी करा. मग मी पर्समधून माझं जोडकार्ड काढलं. एवढ्यासाठीच तर ते होतं. इब्राहिमभाईंनी त्याचा नंबर सांगितला आणि पुन्हा तसंच "हां, हां" केलं. तेही बंद. एकाच खात्यावरची दोन कार्डं, खातं बंद तर दोन्ही बंद. इतकी साधी गोष्ट, पण घरी बसून आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

कापायलाच हवं का, असं मी विचारलं. ते म्हणाले की न कापता परत दिलं तर उद्या बँक त्यांचं यंत्र काढून नेईल. मी म्हटलं, मग कापा. त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढली, अविनाशकडे बघितलं, आणि त्यानं मान हलवल्यावर आधी त्याचं कापलं, मग माझं. प्लास्टिक जाड होतं, कात्रीला जोर लावावा लागला. जेवणघरातली दोन माणसं घास हातात धरून बघत होती. अविनाश बाहेर पडला आणि नदीच्या दिशेनं चालायला लागला.

मी मागे गेले नाही, कारण बिल राहिलं होतं. पाकिटात जे होतं त्यात बिल भागत नव्हतं, आणि गाडीत घरापर्यंतचं पेट्रोल नव्हतं. रविवार, बँका बंद. उघड्या असत्या तरी आमचं खातं तिथं नव्हतं. पण सोमवारी लाइटचं बिल भरायचं म्हणून माझं चेकबुक पर्समध्ये होतं. माझ्या पगाराच्या खात्याचं, एकटीच्या नावाचं. मी इब्राहिमभाईंना सरळ विचारलं की माझा चेक घ्याल का, आणि ऑफिसचं ओळखपत्र काउंटरवर ठेवलं.

ठाण्याचा चेक रोह्यात वटायला तेव्हा तीन-तीन आठवडे लागत. आणि समोर आत्ताच कापलेल्या कार्डांचे चार तुकडे पडलेले. कुणीही नाही म्हटलं असतं. त्यांनी ओळखपत्र वाचलं आणि मला परत दिलं.

"वहिनी, हे खातं तुमचं एकटीचं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग बिलाचे लिहा आणि वर पेट्रोलचे पण लिहा. पेट्रोलचे मी रोख देतो. कुवेतला माझं पाकीट गेलं होतं, तेव्हा मला कोणीतरी असंच दिलं होतं."

मी चेक लिहिला. सही करताना मला जे वाटलं ते चमत्कारिक होतं. अविनाशसाठी वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी आनंदही होत होता. माझी सही, माझं खातं, आणि एका परक्या माणसाला ते पुरलं. मला ते दुसरं कार्ड का हवं होतं, त्याचं उत्तर मला तिथं काउंटरवर मिळालं. पण लगेच जाऊन ते ऐकवावं असं मात्र वाटलं नाही.

अविनाश घाटाच्या पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी बसले, बिल झालंय एवढंच सांगितलं. तो पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला की आजवर दुकानात, कंपनीत, कुठंच त्याच्या नावाला कुणी नाही म्हटलं नव्हतं. चोरासारखं वाटलं. मी म्हटलं, तुझं नाव कुणी कापलेलं नाही, बँकेची काहीतरी गफलत आहे. तो म्हणाला, माहितेय, पण कात्री बघवली नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की बिल कसं दिलं. मी सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे आपलं बॅकअप तू होतीस, आणि मी ते माझ्याच खात्याला जोडायला निघालो होतो."

परत आलो तर इब्राहिमभाईंनी आम्हाला जाऊ दिलं नाही. बंद पडलेलं कार्ड पकडून दिलं की बँक दुकानदाराला बक्षीस देते, हे तेव्हाच आम्हाला कळलं. दोन कार्डं म्हणजे दोन बक्षिसं. ती माझ्याकडे राहिली तर मला पचायची नाहीत, असं म्हणून त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई, वालाचं बिरडं आणि सोलकढी. अविनाश आधी अवघडून बसला होता. मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना त्याला हसू फुटलं. तो म्हणाला, दोन वर्षं पॉइंट जमवतोय, आणि कार्डाचं पहिलं बक्षीस मिळालं ते कार्ड कापल्यावर. इब्राहिमभाई इतके हसले की त्यांच्या बेगम आतून बघायला आल्या.

परतीला खिंडीतून, नागोठणं, कासू, वडखळ. पेट्रोल वाटेत दिसेल त्या पहिल्या पंपावर, रोखीनं भरलं. अंधार पडायच्या आत पनवेल.

सोमवारी चौकशी केली तेव्हा कळलं की अविनाशनं भरलेला चेक बँकेनं सारख्याच नावाच्या दुसऱ्या कोणाच्या खात्यात जमा केला होता आणि याच्या खात्यावर थकबाकी दाखवून कार्डं बंद केली होती. निस्तरायला महिना गेला. बँकेनं माफीचे म्हणून काही पॉइंट दिले आणि आमच्याकडे टोस्टर आला. पाव अजूनही कोणी खात नाही. माझा चेक रोह्याला वटला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी इब्राहिमभाईंचं पोस्टकार्ड आलं, की घरी फोन लागला, तुमच्या पायगुणानं. माझा त्यात काहीही हात नव्हता.

दुसरं कार्ड कोणतं घ्यावं असं आजही कुणी मला विचारलं, तर मी पॉइंट आणि फीचं बोलत नाही. बँक वेगळी हवी, खातं वेगळं हवं, आणि नवरा-बायको असाल तर नाव वेगळं हवं. कार्ड ठेवायचं ते दुसऱ्याच पर्समध्ये. बक्षिसं वगैरे नंतर बघा. आणि गावात जाताना रोख जवळ ठेवा, कारण बँक ओळखते कशी, या मालतीबाईंच्या प्रश्नाला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मी फी भरून माझं कार्ड मागवलं. अर्जावर दोन ठिकाणी माझ्या सह्या, तिसरी कुणाचीच नाही. आठवड्याभरानं संध्याकाळी घरी बँकेचा फोन आला. अविनाशनं उचलला. मी कणीक मळत होते, त्यामुळे मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. पलीकडच्या माणसानं आधी मिस्टरांकडून काही माहिती हवी आहे, त्यांची संमती आहे ना, असं काहीतरी विचारलं असावं.

"कार्ड तिचं आहे," अविनाश म्हणाला. "तिलाच विचारा. तिचे हात कणकेत आहेत, दहा मिनिटांनी करा."

आणि त्यानं फोन ठेवून दिला.